तापीचे मुऱ्हाळी

प्रवासाचे पहिले सतरा दिवस सुरळीत पार पडले, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सुरतेहून खाली समुद्राच्या कडेकडेनं आम्ही नवरा-बायको मोटारीनं थेट डहाणूपर्यंत गेलो आणि तसेच परत आलो. जाताना समुद्र उजव्या हाताला होता, येताना डाव्या हाताला. कमलबाईनं, म्हणजे आमच्या कुटुंबानं, पहिल्या दिवशी त्याला नमस्कार केला, दुसऱ्या दिवशी त्यात पाय धुतले आणि तिसऱ्या दिवशी "हाऊ रोज तेच करस" असं म्हणून ती त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. आमचे हाल झाले ते शेवटच्या तीन दिवसांत, आणि तेही समुद्रापायी नव्हे, तर एका तांब्याच्या कळशीपायी.

आमचं गाव तापीच्या अलीकडच्या काठावर, पलीकडे सारंगखेडं. आमच्या गावच्या मराठी शाळेचा मी हेडमास्तर. शाळेत मास्तर दोनच आहेत, पण दोनांतला एक हेड असावाच लागतो. साल अडतीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बायकोला घेऊन समुद्र बघायला निघालोय, ही बातमी फुटली आणि गाव अस्वस्थ झालं. आमच्याकडे माणूस गाव सोडतो तो लग्नासाठी, मयतीसाठी, नवसासाठी किंवा कपाशीचा भाव काढायला. नुसतं बघायला जाणं कुणाच्या डोक्यात बसेना. "कोनी आजारी शे का?" असं चौघांनी विचारलं. सुपडू शिंप्यानं मला बाजूला घेऊन सल्ला दिला, की दर्याच्या वाऱ्यानं दाढीचे केस ताठ होतात, तेव्हा महिनाभराची दाढी आधीच करून ठेवा. ती कशी करून ठेवायची हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

मोटार होती रतिलालची. रतिलाल हा आमच्या गल्लीतला गुजर शेतकरी. एका वर्षी कपाशी बरी झाली तेव्हा त्यानं निवृत्त झालेल्या कुठल्याशा जंगल-साहेबाची कापडी छताची मोटार घेतली. मला ती चालवायला त्यानंच नदीच्या पात्रात आठ दिवस शिकवलं. शिकवणं कसलं, ओरडणं. "मास्तर, एकच गोठ ध्यानमा ठेवा. पानी सरनं ते जागावर उभं ऱ्हावानं. पानीबिगर एक पाऊल चालाडी तरी इंजिन मरी. मंग मोटार तुम्हनी, आनि मी तुम्हना कोनी नही." हे त्यानं मला तीन वेळा म्हणायला लावलं. मी मुलांना पाढे म्हणायला लावतो तेव्हा त्यांना काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि जसोदाकाकू. रतिलालची चुलती, सत्तरीची, विधवा, मूलबाळ नाही. आमच्या दोन घरांत एकच भिंत. निघायच्या आदल्या दिवशी ती ही तांब्याची कळशी घेऊन आली.

"मास्तर, दर्यावर जाई ऱ्हायनात ना? मंग येताना तापीले लई या."

"तापी तर इथंच आहे की, काकू, ती कुठून घेऊन येऊ?"

"आठे शे ती जाई ऱ्हायनी. मी रोज देखस. रोज सासरले जास, आनि आजलोंग एक दाव बी माहेर उनी नही. तिन्हा सासरले जाईसन तिले लई या. आखाजीले."

आता आखाजी म्हणजे आमच्याकडे काय, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. देशावर तिला अक्षय तृतीया म्हणतात आणि आमरस खाऊन झोपतात. खानदेशात त्या दिवशी सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते. झाडांना झोके बांधलेले असतात, दुपारच्या आत घागर पुजतात. लेक आपण होऊन येत नाही. माहेरचं माणूस तिला न्यायला जावं लागतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि त्या बोलावण्याला मूळ. मूळ आल्याशिवाय आली ती लेक कसली?

"माले कोनी मूळ धाडं नही," काकू म्हणाली, "ते जाऊ द्या. हिले तरी धाडा."

ती हे इतक्या सरळपणे म्हणाली, की माझ्या तोंडून नाही निघेना. मग तिनं अट सांगितली. माहेरची वेस येईपर्यंत लेकीचे पाय जमिनीला लागता कामा नयेत. म्हणजे कळशी कुठंही खाली ठेवायची नाही. ही चाल जुनी आहे की काकूनं त्याच क्षणी पाडली, हे मला अजून कळलेलं नाही.

अशा रीतीनं, मास्तरकीत वीस वर्षं घालवलेला मी एका नदीचा मुऱ्हाळी झालो.

डुमसला, जिथं तापी समुद्राला मिळते तिथं, अठराव्या दिवशी सकाळी आम्ही कळशी भरली. ते काम मला वाटलं तितकं सोपं नव्हतं. एक खलाशी म्हणाला, आत्ता ओहोटी आहे, हे सगळं नदीचंच पाणी, समुद्राचं हवं तर थांबा. दुसरा म्हणाला, भरती आली की निव्वळ समुद्र, नदी शोधून सापडायची नाही. मग नेमकं नदीचं सासर कुठल्या वेळी भरायचं? दोघांची जुंपली. कमलबाई गुडघाभर पाण्यात दोन तास उभी राहिली आणि एकाएकी तिनं कळशी बुडवली. "आत्ताच का?" मी विचारलं. "आते ती एकटी व्हती," ती म्हणाली. तोंडाला फडकं बांधलं, वर नारळ ठेवला, आणि कळशी तिच्या मांडीवर बसली ती बसलीच.

कळशी जमिनीवर ठेवायची नाही, हे ऐकायला सोपं आहे. वाचकांनी एक दिवस करून पाहावं. कमलबाई जेवायला बसली की कळशी माझ्याकडे, मी जेवायला बसलो की तिच्याकडे, आणि दोघं एकदम जेवू शकत नसल्यामुळे एकाची भाकरी नेहमी गार. व्याऱ्याच्या धर्मशाळेत खुंटीला टांगली तर शेजारच्या खोलीतल्या यात्रेकरूंनी येऊन तिला हळदकुंकू लावलं आणि कुठल्या देवाची म्हणून विचारलं. "देव नाही, नदी आहे," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कमलबाईकडे पाहिलं, आणि तिला हळूच म्हणाले की यांना उन्हात फार बसू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या आदल्या सकाळी, आम्ही सरहद्दीवरच्या नाक्याला लागलो. कुठल्या सरकारचा नाका ते सांगत नाही. तिथला कारकून अजून नोकरीत असेल, आणि मनानं तो वाईट नव्हता. एक टेबल, एक खुर्ची, एक मोठी वही, आणि आडवा बांबू.

"कळशीत काय?"

मी शिक्षक आहे. खोटं बोलणं मला जमत नाही असं नाही, पण आयत्या वेळी सुचत नाही. "समुद्र," मी म्हणालो.

त्यानं चष्मा वर केला. "समुद्राचं पाणी? म्हणजे खारं?"

"समुद्राचं पाणी खारंच असतं," मी चौथीच्या वर्गात सांगतो तसं सांगितलं.

"म्हणजे त्यात मीठ आहे."

"विरघळलेलं आहे."

"विरघळलेलं म्हणजे लपवलेलं," कारकून म्हणाला. "आठ वर्षांपूर्वी ह्याच मुलखात मिठावरून काय झालं ते ठाऊक आहे ना? मीठ परवान्याशिवाय नेता येत नाही. मोजावं लागेल. कळशी खाली ठेवा."

"ती खाली ठेवता येत नाही."

"का?"

"तिचे पाय जमिनीला लागायला नकोत."

"कळशीचे पाय?" कारकुनानं वाकून कळशीखाली पाहिलं. खरोखर वाकून पाहिलं.

मी कायदा, रसायनशास्त्र आणि खानदेशातील चालीरीती या तीन अंगांनी विषय मांडायला सुरुवात केली. माझ्या मते मी उत्तम मांडत होतो. मागं दोन बैलगाड्या आणि एक लमाणांचा तांडा थांबला होता आणि तेही लक्षपूर्वक ऐकत होते. तेवढ्यात कमलबाई मोटारीतून उतरली आणि तिनं कळशी सरळ कारकुनाच्या हातात दिली.

"धरा. काय मोजानं ते मोजा. पन खाले ठेवानी नही."

बाईमाणसानं हातात दिलेली हळदकुंकवाची कळशी कोण टाकून देईल? त्यानं ती धरली. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की दोन्ही हात अडकल्यावर लिहिता येत नाही. टेबलावर ठेवावी तर टेबलाचे पाय जमिनीवर, हा मुद्दा कमलबाईनं आधीच काढून ठेवला होता. मोटारीची चाकंही जमिनीवरच असतात, हे मला तेव्हा सुचलं, पण मी बोललो नाही. कारकुनाच्या कपाळावर घाम आला, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. त्यानं माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. मी, एका सरकारमान्य शाळेचा हेडमास्तर, पुढं झालो आणि एका नाकेदार कारकुनाचा चष्मा वर सारला. तांड्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

"बाई, घ्या हो ही," कारकून म्हणाला.

"पहिले लिखा."

"लिहू कसा?"

"मंग मास्तर लिखतीन. त्या दुसरं काय करतस?"

तेव्हा मी सरकारी खुर्चीवर बसलो, टाक उचलला आणि कारकून कळशी छातीशी धरून मला सांगू लागला. वहीत रकाने होते: मीठ, दारू, अफू, गुरं, प्रवासी. मीठ लिहावं तर वजन घालावं लागणार, वजन करावं तर तराजूत ठेवावी लागणार, आणि तराजू जमिनीवर. दारू नाही, अफू नाही. गुरं तर नाहीच. तो थांबला.

"पण हे पाणी नेताय कशाला?"

ते कमलबाईनं सांगितलं. तापी लेक आहे, कधी माहेरी आलेली नाही, उद्या आखाजी आहे, आणि एक म्हातारी वाट बघतेय. मी एवढा वेळ तीन अंगांनी जे मांडत होतो ते तिनं चार वाक्यांत संपवलं.

कारकून कळशीकडे बघत राहिला. "माझी बहीण व्याऱ्याला दिलेली आहे," तो म्हणाला. "औंदा रजा मिळाली नाही. मी गेलोच नाही तिला आणायला." मग त्यानं मान वहीकडे वळवली. "लिहा मास्तर. प्रवासी, तीन. जाण्याचं कारण, माहेर. खाली माझं नाव घाला, सही मागाहून करतो. आणि 'तीन'ची वेलांटी जरा नीट काढा."

वीस वर्षांत माझ्या अक्षराला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण त्यानं कळशी कमलबाईच्या हाती परत दिली, पावती फाडून दिली आणि बांबू वर केला. पावती मी खिशात ठेवली.

नवापूर मागं टाकून चिंचपाड्याला आलो तेव्हा नवंच लचांड झालं. मांडीवर कळशी घट्ट धरून, वेदना सोसत असल्यासारखी बसलेली बाई मोटारीतून चाललीय, हे पाहून लोकांना एकच गोष्ट सुचत होती: बाळंतपण. "दवाखाना तिकडे!" जो तो हात करी. पाड्यावरच्या रेवजी नावाच्या एका म्हाताऱ्यानं तर रस्त्यात आडवं उभं राहून मोटार थांबवली, कमलबाईला "घाबरू नको बाई" म्हणाला, आणि दवाखान्याची वाट दाखवायला स्वतः फुटबोर्डवर चढला. आम्ही उलट फिरलो, त्याला फाटकाशी उतरवलं, आभार मानले आणि पळ काढला. गावाबाहेर पडेपर्यंत आणखी दोघांनी आम्हांला तसंच परत वळवलं. कमलबाईनं कळशीवर पदर ओढून घेतला. त्यानं प्रकरण जास्तच नाजूक दिसू लागलं.

नंदुरबारला माझ्या चुलतभावाकडे मुक्काम झाला. कळशी तुळईला टांगली. आखाजीच्या दिवशी सकाळी साडेआठला निघालो. घर सतरा मैल. दहाला पोचणार, बाराच्या आत घागर पुजणार, रतिलालला मोटार परत, काकूला तापी परत. एवढं सगळं सरळ होणार असं मला वाटलं, तिथंच माझं चुकलं.

नवव्या मैलावर मोटार उकळली.

ज्यांनी मोटार उकळताना पाहिली नाही त्यांना सांगतो. आधी ती गुरगुरते, मग पुढच्या झाकणातून पांढरी वाफ निघते, आणि मग ती असा काही आवाज करते की आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं. मी थांबलो. जवळचं पिण्याचं पाणी आम्ही सकाळीच पिऊन संपवलं होतं, कारण कळशीतलं पिता येत नव्हतं. वैशाखाचं ऊन. नाले कोरडे ठणठणीत. काळी जमीन भेगाळलेली, कपाशीच्या पऱ्हाट्या काढून नेलेल्या, दूरपर्यंत सावलीला बाभूळसुद्धा नाही. भिला नावाचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन चालला होता. त्यानं गाडी थांबवली, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, की विहीर कोसभर आत आहे, पण तळाला गाळ आहे आणि बादली त्याच्या मेव्हण्याकडे आहे. मेव्हणा आखाजीला बहिणीला आणायला गेलाय. बैल मोटारीला जुंपू का, असंही त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. माझ्या स्वाभिमानाला तेवढंच उरलं होतं. भिला हसत निघून गेला.

साडेनऊ. चालत घरी जावं तर आठ मैल, कळशी घेऊन, उन्हात, दोन वाजतील. विहिरीवर जावं तर बादली नाही. आणि पाण्याशिवाय मोटार हलवावी तर रतिलाल.

कमलबाई मोटारीच्या सावलीत कळशी घेऊन उभी होती. तिनं एकदा मोटारीकडे पाहिलं, एकदा कळशीकडे. मग म्हणाली, "झाकन उघाडा."

"कशाचं?"

"मोटारनं."

माझ्या लक्षात यायला अर्धं मिनिट लागलं. "कमलबाई, ही तापी आहे!"

"माले ठावं शे. तीन दिन मन्हा मांडीवर शे ती." तिनं फडकं सोडायला घेतलं. "काकूनी काय सांगं व्हतं? जमीनले पाय लागाले नको. मोटारना पोटमा जमीन शे का?"

मी वीस वर्षं मुलांना विचार करायला शिकवतोय. मी पाच मिनिटं विचार केला आणि झाकणाला हात घातला. झाकण उघडताना दोन बोटं भाजली. कमलबाईनं कळशी मोटारीच्या तोंडाशी नेली, वाकून आत पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "माय, तठे पहिलंच जरासं पानी शे. थोडं सरकी बस." आणि ओतलं. सगळं.

मोटार पहिल्याच झटक्याला सुरू झाली. वीस दिवसांत ती इतकी शहाण्यासारखी कधी चालली नव्हती. पण रिकामी कळशी पायाशी लोळत होती. आता तिला जमिनीची बंदी नव्हती. वेशीवर सगळं गाव असणार. वाजंत्री असणार. सत्तर वर्षांची म्हातारी भाकरीचा तुकडा घेऊन उभी असणार, आणि मी तिला काय सांगणार? की तुझी नदी मी मोटारीला पाजली?

गावाबाहेरच्या मळ्यातल्या विहिरीवर मी मोटार थांबवली, कळशी भरली आणि वर नारळ ठेवला. कमलबाई गप्प होती. ती गप्प असली की मला जास्त बोलावं लागतं. "शेवटी पाणी ते पाणी," मी म्हणालो. "शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर..."

"मी काहीच बोलत नही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा तिले. तिन्हा तोंडकडे देखीसन सांगा."

वेशीवर खरंच गाव होतं. माहेरी आलेल्या लेकी, झोके सोडून आलेल्या पोरी, ढोल, सुपडू शिंपी, आणि सगळ्यांच्या पुढं हात बांधून रतिलाल, जो नदीकडे नव्हे तर मोटारीकडे बघत होता. जसोदाकाकूनं नवं लुगडं नेसलं होतं. मी कळशी हातात घेऊन उतरलो. तिनं कळशीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तिच्यापुढं तांब्यातलं पाणी ओतलं, आणि कळशीच्या काठावर हात ठेवून विचारलं:

"वाटमा तरास तं नही व्हयना ना, माय?"

मला पुढचं जमेना. मी अनेकदा खोटं बोललो आहे, इन्स्पेक्टरसाहेबांशी तर दरवर्षी बोलतो. पण ह्या प्रश्नाला विहिरीचं पाणी उत्तर देत होतं, आणि ते मला सहन झालं नाही.

"काकू," मी म्हणालो, "हिच्यात आपल्या मळ्यातलं पाणी आहे. मी आत्ता भरलं."

ढोल थांबला. एक ढोलकरी बहिरा होता, तो थोडा वेळ वाजवत राहिला.

"मंग तापी कोठे शे?"

मी मोटारीच्या पुढच्या अंगाकडे बोट केलं. तिथून बारीक वाफ निघत होती.

आधी कुणी हसलं नाही. मग सुपडू हसला आणि मग सगळं गाव हसलं. इतकं, की मी हेडमास्तर आहे हे मलासुद्धा आठवेना. रतिलाल मात्र हसला नाही. तो पाराच्या दगडावर खाली बसला. "खारं पानी," तो म्हणाला. "मन्हा रेडिएटरमा खारं पानी. मास्तर, ते सडी जाई."

जसोदाकाकू मोटारीजवळ गेली. तिनं हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग वाकून पाण्याचा आवाज ऐकला. आत अजून गुळगुळ चालू होतं. "शे आठेच," ती म्हणाली. मोटारीला कुंकू लावलं, तिच्यावरून दुसरा तुकडा ओवाळला, आणि रतिलालकडे वळली. "ऊठ. इले नदीवर ली चाल."

चुलतीपुढं रतिलालचं काही चालत नाही. मोटार उतारावरून पात्रात आली. वैशाखातली तापी, पाणी मध्यभागी एका पट्ट्यात उरलेलं. रतिलालनं चाकं पाण्यात जातील इतपत मोटार नेली, खाली आडवा झाला आणि तोटी सोडली. तांबूस, गंजट, गरम पाणी नदीत पडू लागलं.

"हाई तं गंजेल पानी शे, काकू," तो खालून म्हणाला.

"सासरमा जनमभर दुसरासनं पानी भरीसन कोन चोखी ऱ्हास?" ती म्हणाली. "पन उनी ना! कोनी लेवाले गयं, आनि ती उनी."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती. मला काय करावं सुचेना, म्हणून मी खिशातली पावती काढून तिला वाचून दाखवली. प्रवासी, तीन. जाण्याचं कारण, माहेर. तिनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"म्हंजे सरकारमा बी लिखेल शे," ती म्हणाली.

कमलबाईनं मग तिला विचारलं, जे शेजारी राहून वीस वर्षांत मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. "काकू, तुम्हनं माहेर कोठे शे?"

काकूनं नदीच्या वरच्या अंगाला हात केला. "ह्याच काठवर. चौदा मैल."

चौदा मैल! आम्ही चारशे मैल हिंडून आलो होतो. ती नवव्या वर्षी इथं आली. लग्नात पंगतीला तुपावरून भांडण झालं, तिचा बाप उठून गेला आणि जाताना सांगून गेला की ह्या दारी पुन्हा पाय ठेवणार नाही. ते म्हातारे सगळे मेले, पण न्यायला कोणी यावं ही चाल तशीच राहिली, आणि कोणी आलं नाही. एकसष्ट आखाज्या. दर आखाजीला ती वेशीच्या पारावर येऊन बसायची. आम्हांला वाटायचं, वारा खायला बसते.

"आते चाला," कमलबाई म्हणाली.

"बिनमूळनी कशी जाऊ? लोके काय म्हनतीन?"

"आम्ही मुऱ्हाळी शेतस. कागद शे. त्यामा तीन मानसे लिखेल शेत. नदी तं उतरी गई." कमलबाईनं पावती तिच्या हातात दिली. "मंग तिसरं कोन?"

काकूनं पावती कमरेच्या बटव्यात ठेवली. रतिलाल उठला, कपडे झटकले, आणि तीच तांब्याची कळशी तापीत बुडवून मोटारीत पाणी भरलं. दोनदा. पहिलं धुवून टाकायला, दुसरं चालायला. मग चुलतीला दोन्ही हातांवर उचलून त्यानं मागच्या जागेवर बसवलं, कारण कमलबाई ओरडून सांगत होती, की माहेरची वेस येईपर्यंत काकूचे पाय जमिनीला लागायला नकोत.

त्या गावाला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वेशीवर लिंबाखाली बाजेवर एक म्हातारा बसला होता. मोटार थांबली, कमलबाईनं आमच्या गावाचं नाव सांगितलं, तसा तो उठला, जवळ आला, डोळ्यांवर हात धरून आत बघत राहिला. हा काकूचा भाऊ, नाव दगा. ती सासरी गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

"जसोदा?" तो म्हणाला. आणि मोटारीचं दार उघडून, "इतला उशीर कसा व्हयना?"

जसोदाकाकूनं पदर सावरला. "वाटमा मोटार उकळनी," ती म्हणाली, आणि उतरायला तिनं त्याच्याकडे हात केला.